पेपराच्या दिवसाची भरती

ऑगस्टमध्ये दहावीची पुरवणी परीक्षा आली, की नौबादच्या आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात वेगळीच माणसं दिसायला लागतात. मार्चमधली पोरं गोंगाट करतात, ही माणसं गप्प उभी असतात. कुणी गॅरेजातून दोन तासांची सुट्टी काढून आलेला असतो. कुणी कडेवरचं लेकरू सासूच्या हातात देऊन, मागं वळून न बघता आत येते. बाहेर पावसानं उघडीप दिलेली असते, मुगाची तोडणी सुरू झालेली असते आणि गावाकडनं येणाऱ्या बसला ओल्या शेंगांचा वास सुटलेला असतो.

यंदा गणिताच्या पेपराला माझ्या वर्गात एक पस्तिशीची बाई होती. प्रश्नपत्रिका हातात घेण्याआधी तिनं दोन्ही तळहात पदराला पुसले आणि मग एकेक बोट वेगळं पुसलं. ते बघून मला हसू आलं.

"मॅडम, कामून हसायलाव?" दारातल्या शिपाईमामांनी हळूच विचारलं.

"न्हाई मामा, सहज."

सहज नव्हतं. अशीच बोटं पुसणारी एक बाई मी फार पूर्वी नव्हे, काही वर्षांमागं पाहिली होती. तिच्या हातावर तेव्हा समुद्राचं पाणी होतं. माझ्याही होतं.

माझी पहिली नेमणूक कारवार आणि होन्नावरच्या मधल्या किनाऱ्यावर झाली. आम्ही भालकी तालुक्यातल्या मेहकरचे. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, गावतळं आणि पावसाळ्यात फुगलेली मांजरा. नेमणुकीचा कागद आला तेव्हा अप्पांनी तो तीनदा वाचला. शेतात मजुरी करता करता, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते दहावी पास झाले होते. गणितानं त्यांना दोनदा मागं लोटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "लांब हाय. पण जा." आई मात्र रोज फोनवर एकच विचारायची.

"पाणी किती लांब हाय गं तुझ्या खोलीपासनं?"

"शंभर पावलं असंल."

"मग आणखी शंभर पावलं मागं सरक की!"

मागं सरकायला जागाच नव्हती. ती वस्ती दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये, चंद्रकोरीसारख्या वाळूवर बसलेली होती. मागं दाट रान आणि पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारा ओढा. गावातून बाहेर पडायची वाट एकच, दक्षिणेकडच्या सोंडेवरून जाणारी. ती चढून पलीकडं उतरलं, की खाडी, खाडीच्या काठी बाजाराचं गाव, दवाखाना, मोठी शाळा. चालत दीड तास. घरोघरी कोकणी बोलायचे, माझ्याशी कन्नड. माझी बीदरची कन्नड ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या आणि त्यांची कोकणी मला मराठीच्या बळावर निम्मी कळायची. त्या निम्म्यावर माझं छान भागलं.

पहिले काही दिवस मला समुद्राचा आवाज सहन व्हायचा नाही. वर्गात मुलं पाढे म्हणत असली, तरी त्या आवाजाखालीच म्हणायची. कपडे वाळायचे नाहीत, खडू फळ्यावर ओला उमटायचा, मीठ बरणीत पाझरायचं. मग कधीतरी तो आवाज ऐकू येईनासा झाला, आणि त्याच सुमारास मी सकाळी वाळूवर जाऊन नावा पाण्यात ढकलताना बघायला लागले.

मला वाटायचं, नाव ढकलली की जाते. मास्तीअण्णांनी मला बघायला शिकवलं. ते पंचावन्नच्या आसपासचे, बुटके, रुंद खांद्यांचे, वस्तीतल्या एका नावेचे तांडेल, म्हणजे समुद्रावर ज्याचा शब्द शेवटचा. कमी बोलायचे. माझ्या प्रश्नांना मात्र उत्तरं द्यायचे, कदाचित माझी कन्नड ऐकायची त्यांना मौज वाटत असावी.

किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचा एक लांब बांध होता. ओहोटीला त्याच्यावर पाणी इतकं कमी व्हायचं, की लहान लाटसुद्धा तिथं अडखळून फुटायची आणि मग तीन-तीन ओळींत पांढरा फेस किनाऱ्यापर्यंत धावायचा. पूर्ण भरतीला बांध खोल बुडायचा, लाटा त्याच्यावरनं न फुटता सरकून यायच्या. पण मग त्या थेट किनाऱ्याच्या चढावर येऊन आपटायच्या. वाळूवर उभ्या असलेल्या नावेला तशी एक लाट पुरे. म्हणून नाव काढायची वेळ मधली, ओहोटीनंतर साधारण दोन तासांची. बांधावर पुरेसं पाणी चढलेलं असतं आणि किनारा अजून सौम्य असतो. अमावास्या-पुनवेच्या उधाणात हे सगळं जोरात चालतं, अष्टमीच्या सुमारास मवाळ होतं.

"आणि लाटा?" मी विचारायची.

"त्या घोळक्यानं येतात, टीचर. तीन-चार मोठ्या, मग जरा उसंत. काही लोक मोजतात. मी बघतो."

गिरिजाक्का ही मास्तीअण्णांची शेजारीण. चौतीस वर्षांची. नवरा मलपेच्या बाजूला मोठ्या मच्छीमार बोटीवर, दोन-दोन महिने घरी नसायचा. वस्तीतली अंगणवाडी मदतनिसाच्या भरवशावर चालली होती, कारण सेविका व्हायला दहावी पास लागायचं आणि सोंडेपलीकडची कुणी रोज दीड तास चालत यायला तयार नव्हती. गिरिजाक्का बाकी सगळ्या विषयांत सुटली होती. गणित राहिलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी राहिलं होतं आणि मार्चमध्ये पुन्हा राहिलं. सेविकेच्या जागेसाठी अर्ज करायची मुदत सप्टेंबरात संपत होती, म्हणजे हा ऑगस्टचा पेपर शेवटचा.

ती संध्याकाळी मासळीचे हात धुऊन माझ्या खोलीवर यायची. मान वर करायची नाही. अपूर्णांक आला, की पेन्सिल ठेवून द्यायची.

"हे डोक्यात शिरतच नाही, टीचर. दगड आहे तिथं."

एका संध्याकाळी बाहेरून कुणीतरी हाक मारून भरती कधी आहे ते विचारलं. गिरिजाक्का वहीतून मान न काढता म्हणाली, "आज षष्ठी. साडेचार." मी विचारलं, हे कसं काढलंस? तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. तिथीची पाऊणपट करायची, झालं. साची पाऊणपट साडेचार. दशमीला साडेसात. त्यांच्या घरात सगळ्यांना यायचं ते.

"पाऊणपट म्हणजे किती?" मी विचारलं.

"चार भाग करायचे, तीन घ्यायचे."

मी तिच्या वहीत चारावर तीन लिहिले. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हे तेच आहे?" आणि जरा रागानंच म्हणाली, "मग शाळेत असं का नाही सांगितलं कुणी?" त्या रात्री तिनं पानभर गणितं सोडवली. निम्मी चुकली. पण पेन्सिल ठेवली नाही.

पेपराच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, सोंडेकडून एक लांब घसरता आवाज आला. आम्ही बाहेर येऊन बघतो, तर हिरव्या डोंगरावर वरपासून खालपर्यंत तांबडी पट्टी. वाटेचा मधला तुकडा झाडांसकट समुद्रात गेला होता. सुदैवानं वाटेवर कुणी नव्हतं. ओढ्याच्या बाजूनं जायचं म्हणून दोघं जण बघून आले. पाणी छातीच्या वर आणि ओढ तर विचारू नका.

आम्ही मास्तीअण्णांकडं गेलो. त्यांनी आधी समुद्राकडं पाहिलं, मग गिरिजाक्काकडं.

"आज नाही. ओहोटी लागलीय. इथनं निघालो तरी खाडीच्या तोंडाशी आतलं पाणी बाहेर येत असणार आणि बाहेरच्या लाटा त्याच्यावर उभ्या राहणार. तिथं नाव नेत नाही कुणी. उद्या बीज. दीडला भरती, म्हणजे ओहोटी सव्वासात-साडेसात. नऊला निघू. खाडीत पाणी आत जात असेल, तेच आपल्याला नेईल."

"पेपर साडेदहाला आहे," मी म्हणाले.

"पोचतो," ते म्हणाले.

सकाळी उजाडलं ते लख्ख. आभाळात ढगाचा ठिपका नाही, झाडाचं पान हलत नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. वाळूवर आले आणि पाय तिथंच थांबले. लाटा कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. सावकाश, एकामागनं एक, मध्ये भरपूर अंतर ठेवून येत होत्या. दुरून त्या नुसत्या पाण्याच्या घड्या दिसायच्या. बांधावर पोचल्या, की पाठ उचलून उभ्या राहायच्या आणि सगळ्या लांबीनं एकदम कोसळायच्या. वाळू तळव्यांखाली थरथरायची.

"वारा नाही, पाऊस नाही, मग ह्या कुठनं आल्या?"

"हा वारा इथला नाही, टीचर," मास्तीअण्णा म्हणाले. "लांब कुठंतरी दोन-तीन दिवसांमागं सुटला असेल. तो तिकडंच मेला. लाटा चालत आल्या."

नाव ओंडक्यांवरून पाण्याच्या कडेला आणून ठेवली होती. वल्ह्यांवर दोघं भाऊ, शेजारचेच. इंजिन वर उचलून बांधलेलं, कारण उथळात त्याचा पंखा वाळूला लागतो. एकच लाइफ जॅकेट होतं, ते गिरिजाक्कानं माझ्या गळ्यात घातलं. ती स्वतः पोहायची. तिचं प्रवेशपत्र, दोन पेनं आणि कंपासपेटी प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून तिनं पोटाशी बांधली होती. मी बरोबर जायची तशी गरज नव्हती. पण रात्रभर मला अप्पा दिसत होते, तिसऱ्यांदा परीक्षेला निघालेले, एकटे.

नऊ वाजले. मास्तीअण्णा उकिडवे बसून समुद्राकडं बघत होते. सव्वानऊ झाले.

"निघायचं ना?" मी विचारलं.

त्यांची नजर बांधावरच होती.

मोठ्या लाटांचा एक घोळका येऊन गेला. मागं पाणी जरा शांत झालं. मला वाटलं आता उठतील. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. तीसपर्यंत गेले आणि पुढचा घोळका बांधावर फुटला.

"अण्णा, पेपर साडेदहाला आहे! पलीकडच्या धक्क्यापासनं शाळा दहा मिनिटं लांब आहे. तुम्ही नुसते बसलात!" माझा आवाज चढला. मी आणखीही बोलले. भीती वाटत असली तर तसं सांगा, असंही बोलले. ते आठवलं, की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "इथनं बांधापलीकडं जायला चाळीस वल्ही लागतात. समुद्र मला तीसच देतोय. मधली दहा वल्ही मी कुठनं आणू?"

गिरिजाक्का गुडघे जवळ घेऊन वाळूत बसली होती. ती म्हणाली, "टीचर, अण्णांना बघू द्या."

मग मीही बघायला लागले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आणि हळूहळू मला दिसलं, की पाणी चढतंय. आधी बांधावर सगळीकडं फुटणाऱ्या लाटा आता डाव्या हाताला, एका जागी, न फुटताच आत यायला लागल्या होत्या. तिथं बांधाला खिंडार होतं. पाणी जसं भरत होतं, तसा फेसाचा पट्टा अरुंद होत होता. समुद्र तीसच वल्ही देत होता, पण अंतर कमी व्हायला लागलं होतं.

नऊ पस्तीसला मोठ्या चार लाटा आल्या. चौथी फुटायच्या आधीच मास्तीअण्णा उभे राहिले.

"बसा!"

मी कशी चढले, ते आठवत नाही. मागनं सात-आठ जणांनी नाव रेटली, शेवटच्या लाटेचा फेस कमरेला लागत असतानाच. पाणी परत फिरलं, त्यानं नाव ओढून नेली. दोघं भाऊ वल्ह्यांवर वाकले. मास्तीअण्णा मागं उभे, हातात लांब वल्हं, नावेचं नाक लाटेला सरळ धरून. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, नाव जरा आडवी झाली, की लाट तिला लोळवते.

मी मोजत होते. मोठ्यानं मोजत होते, हे मला नंतर गिरिजाक्कानं सांगितलं. बारा. तेरा. खिंडाराच्या तोंडाशी एक लाट आली, फार मोठी नव्हे, पण समोर आभाळ दिसेनासं झालं. "सोडू नका!" अण्णा ओरडले. नावेचं नाक वर गेलं, आणखी वर गेलं, मी फळीला मिठी मारली, आणि मग नाव पलीकडं आपटली. घागरभर पाणी अंगावर आलं. गिरिजाक्कानं दोन्ही हात पोटावरच्या पिशवीवर ठेवले होते. तोल सांभाळायलासुद्धा तिनं ते काढले नाहीत. एकोणीस. वीस. चोवीसला मास्तीअण्णांनी वल्हं खाली ठेवलं आणि इंजिनाची दोरी सोडली.

मागं वळून पाहिलं, तर बांधावर पुढचा घोळका फुटत होता. आमच्या बाजूला मात्र ते डोंगराएवढं पाणी नुसतं नावेला अलगद उचलत होतं आणि खाली ठेवत होतं, जसं कुणी झोपलेल्या लेकराला कूस बदलून द्यावी. मी रडायला लागले. रडताना हसतही होते. वल्ह्यावरचा धाकटा भाऊ म्हणाला, "टीचर, आता मोजू नका."

खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी आत जात होतं. त्यानं आम्हाला अण्णांच्या शब्दाप्रमाणं अक्षरशः आत ओढून नेलं. दहा वाजून आठ मिनिटांनी धक्का. मग आम्ही दोघी धावलो, ओल्या साड्या पायांत अडकत, रस्त्यावर पाण्याची रेघ सोडत. फाटकावरच्या बाईंनी आमच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठून आलात?" गिरिजाक्का म्हणाली, "समुद्रावरून." त्यांनी दार उघडलं. आत खिडकीजवळच्या बाकावर बसून तिनं हात पुसले, एकेक बोट. पंखा तिच्या डोक्यावर फिरत होता. घंटा झाली.

गिरिजाक्का पास झाली, पस्तीस मार्क हवे होते, तिला एकोणचाळीस पडले. पुढच्या पावसाळ्यात ती त्याच वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका म्हणून उभी राहिली. नंतर माझी बदली आधी औरादला, मग बीदरला झाली. सोंडेवरची वाट बांधून झाली, असं ती मागं फोनवर सांगत होती. मास्तीअण्णा आता समुद्रावर जात नाहीत, वाळूवर बसून दुसऱ्यांना थांबवतात.

पण मला निकालापेक्षा त्या दिवसाची दुपार जास्त आठवते. पावणेदोनला ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. पेपर कसा गेला हे विचारायचा मला धीर होईना, म्हणून मी दुसरंच विचारलं, "निघायचं का?"

आम्ही धक्क्यावर गेलो. मास्तीअण्णा नावेत आडवे पडले होते, तोंडावर टोपी.

"आता नाही," टोपीखालूनच ते म्हणाले. "भरती पूर्ण झालीय. घरी वाळूवर लाट नावेला आपटून फोडेल. आणि इथं थोड्या वेळात ओहोटी लागेल. उद्या सकाळी."

गिरिजाक्काची मावशी त्याच गावात राहायची. तिनं निरोप मिळताच भात, आंबट घातलेली बांगड्याची आमटी आणि कोरड्या साड्या पाठवून दिल्या. आम्ही पाचही जण धक्क्यावरच्या शेडमध्ये जेवायला बसलो. मी अण्णांच्या पानात भात वाढला आणि सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये ते वाक्य नीट जमेना.

"असू दे," ते म्हणाले. "तुम्ही ओरडत होता, तेव्हा मला बरं वाटत होतं."

"का?"

"माझ्या छातीत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं."

दोघं भाऊ हसले. गिरिजाक्काही हसली, आणि हसता हसता तिनं सांगितलं, की एक गणित सुटलं नाही, दोन अर्धवट राहिली, बाकीची आली. "आली," ती पुन्हा म्हणाली, जणू नीट ऐकू आलंय का हे तपासत होती. मग तिनं बोटं चाटली, हात धुतला आणि मावशीची सतरंजी शेडच्या सावलीत पसरली. खाडीतलं पाणी काठोकाठ भरून थांबलं होतं, धड आतही नाही, बाहेरही नाही. बगळे चिखल उघडा पडायची वाट बघत खुंटांवर उभे होते.

"कुणी उठवू नका," गिरिजाक्का म्हणाली आणि कुशीवर वळली. दोन मिनिटांत तिचा डोळा लागला. पंधरा वर्षांत ती दुपारी झोपली नव्हती, असं मावशी नंतर म्हणाली. आम्ही चौघं तिच्याभोवती हळू आवाजात बोलत राहिलो, पाच वाजेपर्यंत.